५०५० मोठं की ४०६०?

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज पोचला. तीन कोटेशनांचे फोटो आणि खाली तुझा प्रश्न: "आत्या, ५०५० घेऊ की ४०६०? ५०५० चा आकडा मोठा आहे, कार्ड नवीन आहे, वर स्वस्तही आहे. मग सगळे ४०६० का म्हणतात?" व्हॉट्सॲपवर दोन ओळींत भागेल असं हे प्रकरण नाही. शिवाय हाच प्रश्न घेऊन तुझ्या वयाची पोरं इथं सांगलीत दुकानात येतच असतात. कुणाच्या खिशात साठवलेले पैसे, तर कुणाच्या मागे कपाळाला आठ्या घालून उभे राहिलेले वडील. म्हणून पत्र लिहितेय आणि उघडंच लिहितेय. मित्रांना खुशाल वाचायला दे.

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचशील. आरटीएक्स ५०५० आणि आरटीएक्स ४०६० ही साधारण एका तोलाची कार्डं आहेत, आणि बऱ्याच गेममध्ये ५०५० किंचित मागेच पडतं. म्हणजे २०२५ च्या जुलैत आलेलं कार्ड २०२३ च्या जूनमधल्या कार्डाच्या मागे. आकडा मात्र ९९० ने मोठा! तर ही असली वजाबाकी करायचीच नाही.

एनव्हिडियाच्या चार आकडी नावात पहिले दोन आकडे पिढीचे असतात. १० ची पिढी २०१६ साली आली, २० ची २०१८ ला, ३० ची २०२० ला, ४० ची २०२२ ला आणि ५० ची २०२५ च्या जानेवारीत. शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या पिढीतली पायरी. गेमिंगच्या कार्डांत ५० सगळ्यात खाली, मग ६०, ७०, ८०, आणि ९० म्हणजे ज्या पैशात नवी मोटरसायकल दारात उभी राहते ते कार्ड. आता ५०५० वाच: पिढी नवी, पायरी सगळ्यात खालची. ४०६०: पिढी एक मागची, पायरी एक वरची. कोअर मोजलेस तर ५०५० मध्ये २५६० आणि ४०६० मध्ये ३०७२. मेमरी दोन्हीकडे ८ जीबी.

"नव्या पिढीची खालची पायरी म्हणजे जुन्या पिढीची वरची पायरी" असं एक गणित बाजारात ऐकवलं जातं. एकेकाळी ते खरं होतं, किंबहुना त्याहून जास्त मिळायचं. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं, ते आधीच्या पिढीतल्या ९८० च्या तोडीचं होतं. एका उडीत दोन पायऱ्या. त्या सुखाची सवय लागलेले लोक अजूनही तोच हिशेब धरून बसतात. ४०६० टीआय आलं तेव्हा मात्र ते ३०६० टीआयच्या जेमतेम पुढे होतं, आणि मेमरीवर ताण आला की काही गेममध्ये तेवढंही नाही.

असं का होतं? पाटीलकी वंशपरंपरेनं चालत यायची, जमीन तेवढीच राहील असं कुणी सांगितलं होतं? '६०' ही तशी पाटीलकी आहे. १०६०, २०६० आणि ३०६० या तिघांतही त्या त्या पिढीची '१०६' दर्जाची चिप होती: जीपी१०६, टीयू१०६, जीए१०६. चिप आणि मेमरी यांच्यामधली वाट, जिला बस म्हणतात, ती तिघांचीही १९२ बिटची. ४०६० ची पाळी आली तेव्हा आत एडी१०७ बसवली आणि बस १२८ बिटवर आणली. हा '१०७' दर्जा पूर्वी ५० च्या पायरीला मिळायचा. १०५० आणि १०५० टीआयमध्ये जीपी१०७ होती. म्हणजे कार्डावर नाव साठचं आणि आत चिप पन्नासच्या घरातली. ३०६० ला १२ जीबी मेमरी होती, ४०६० ला आठच मिळाली.

तरीही ४०६० हे ३०६० च्या पुढेच आहे, हेही सांगायला हवं. चिपचा क्लॉक बराच वाढला, आतली एलटू कॅश ३ एमबीवरून २४ एमबी झाली, आणि १७० वॉटऐवजी ११५ वॉटमध्ये काम भागायला लागलं. तुझ्यासारख्या छोट्या कॅबिनेटवाल्याला ही गोष्ट लहान नाही. ५०६० मध्ये चिप पुन्हा '१०६' च्या तोडीची, म्हणजे या पिढीतली '२०६' दर्जाची आली, पण बस १२८ आणि मेमरी ८ जीबी तशीच राहिली. आणि हो, कोअरची तुलना एकाच पिढीत करायची. २०६० मध्ये १९२० कोअर आणि ३०६० मध्ये ३५८४, म्हणून वेग काही दुप्पट झाला नव्हता. नव्या पिढीत कोअर मोजायची रीतच बदलली होती. ५०५० आणि ४०६० चे कोअर मी वर शेजारी ठेवले, कारण त्या दोन पिढ्यांत ती रीत बदललेली नाही आणि एका कोअरच्या कामातही फारसा फरक पडलेला नाही.

आता तुझ्या स्वतःच्या मशीनकडे ये. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर उतरवून घे आणि उघड. वर नाव दिसेल: जीफोर्स जीटीएक्स १०६० ३ जीबी. खाली 'शेडर्स' असा रकाना आहे, त्यात कोअरची संख्या ११५२ दिसेल. तुझ्या मित्राकडे ६ जीबीचं १०६० आहे ना, त्याच्याकडे त्याच रकान्यात १२८० आहे. बाजारात फरक सांगितला गेला तो "मेमरी कमी-जास्त" एवढाच. प्रत्यक्षात कंपनीनं चिपमधले दहा टक्के कोअरही बंद केले होते, आणि नाव मात्र १०६० च ठेवलं. दादानं ते कार्ड मला न विचारता एका दुकानातून आणलं. दुकानदारानं त्याला छातीठोकपणे सांगितलं, "चिप तीच आहे साहेब." लॉकडाऊनच्या काळात आपण तुझा बोर्ड आणि प्रोसेसर बदलला, कार्ड मात्र ठेवलं, कारण तेव्हा क्रिप्टोवाल्यांनी कार्डांचे भाव आभाळाला नेले होते.

एका नावाखाली दोन वस्तू विकण्याची ही खोड कुणा एका कंपनीची नाही आणि आजचीही नाही. जीटी १०३० आधी जीडीडीआर५ मेमरीचं आलं; पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर४ चं आलं आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्या आसपास उतरला. बॉक्सवर नाव तेच. ३०५० मूळचं ८ जीबीचं, २५६० कोअरचं. २०२४ मध्ये त्याचा ६ जीबीचा धाकटा भाऊ आला: २३०४ कोअर आणि ९६ बिटची बस. ते ७० वॉटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ऑफिसातल्या जुन्या ब्रँडेड मशीनला मी ते आनंदानं लावून देते. पण ३०५० म्हणून ते गेमरच्या गळ्यात मारणं बरोबर नाही. ३०६० चीही ८ जीबीची आवृत्ती निघाली आणि तिची बस १९२ वरून १२८ वर आली. एएमडीनं २०१७ मध्ये आरएक्स ५६० च्या बाबतीत हेच केलं. १०२४ ऐवजी ८९६ शेडरची कार्डं त्याच नावानं दुकानात पोचली, बोभाटा झाल्यावर खुलासा आला.

या सगळ्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो ४०८० चा किस्सा. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियानं दोन ४०८० जाहीर केली, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. ऐकणाऱ्याला वाटावं की फरक चार जीबीचा. प्रत्यक्षात १६ जीबीवाल्यात ९७२८ कोअर आणि २५६ बिटची बस होती, तर १२ जीबीवाल्यात ७६८० कोअर आणि १९२ बिटची बस. चिपसुद्धा वेगळी. लोकांनी एवढा गदारोळ केला, की महिन्याच्या आत, १४ ऑक्टोबरला, कंपनीनं ते १२ जीबीचं कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं. पण ते कार्ड टाकून दिलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप, तेच ७६८० कोअर, तीच १२ जीबी मेमरी आरटीएक्स ४०७० टीआय या नावानं आली. आधीची किंमत ८९९ डॉलर होती, आता ७९९. सिलिकॉनला कुणी हात लावला नाही. नाव एक पायरी उतरलं आणि त्याबरोबर शंभर डॉलर उतरले. मॉडेल नंबर आधी किमतीच्या फळीवरची जागा सांगतो, वेगाचं नंतर बघू, हे यापेक्षा स्वच्छ कुठं दिसणार?

आता तुझं तिसरं कोटेशन. त्यावर नुसतं 'आरटीएक्स ५०६० टीआय' लिहिलंय. जीबी किती, ते गायब. हे कार्ड ८ आणि १६ अशा दोन रूपांत मिळतं. या वेळी चिप खरोखरच एक आहे, ४६०८ कोअर दोघांतही; अमेरिकेत बाजारात आली तेव्हा किमतीत ५० डॉलरचा फरक होता. आठ जीबी भरली, की गेम बंद पडत नाही, म्हणून लोकांना कळत नाही. सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण वळणावर गाडी अडखळते, भिंतीवरचं टेक्स्चर धुरकट राहतं आणि दोन सेकंदांनी जागेवर येतं. तुझ्या बाबतीत त्यात आणखी एक मेख आहे. ५०६० टीआय हे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या पीसीआयईच्या सोळा नव्हे, आठच लेन वापरतं. तुझा बी४५० बोर्ड पीसीआयई ३.० चा. मेमरी संपून माल मदरबोर्डवरच्या रॅममधून ओढायची वेळ आली, की ही अरुंद वाट लगेच तुंबते. नव्या बोर्डावर ८ जीबीचं कार्ड जेवढं अडखळेल, त्याहून जास्त ते तुझ्याकडे अडखळेल. १६ जीबीच्या कार्डाला ती वेळ क्वचित येते.

टीआय, सुपर, टीआय सुपर ही शेपटं त्याच आकड्याच्या अर्धी-पाऊण पायरी वर, एवढंच समज. बॉक्सवर त्यापुढे व्हेंटस, विंडफोर्स, ड्युअल, ट्विन एज असं जे काही लिहिलेलं असतं, ते पंख्याचं आणि झाकणाचं नाव. ओसी म्हणजे कारखान्यातून दोन-चार टक्के जास्त पळवलेलं. त्यासाठी हजारो रुपये जास्त मोजू नकोस; तेच पैसे मेमरीत घाल.

एएमडीकडे पूर्वी दुसरा आकडा पायरीचा असायचा: आरएक्स ६६००, ७६००, ७७०० एक्सटी. मग डेस्कटॉपवर ८००० ची मालिका आलीच नाही आणि २०२५ मध्ये थेट आरएक्स ९०७० आणि ९०६० आली. पायरी तिसऱ्या आकड्यावर सरकली, म्हणजे ९०७० हे ५०७० च्या समोर आणि ९०६० हे ५०६० च्या समोर ठेवून वाचायचं. नावं मुद्दामच तशी जुळवून घेतली, आणि गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं ते बरंच झालं. यांच्याकडे एक्सटी असलेलं कार्ड नुसत्या आकड्यापेक्षा वरचं, एक्सटीएक्स त्याच्याही वर. जीआरई अशी अक्षरं दिसली तर घाबरू नकोस. ती मूळची 'गोल्डन रॅबिट एडिशन'ची, कारण २०२३ हे चिनी पंचांगात सशाचं वर्ष होतं. ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी सशाचा संबंध एवढाच.

इंटेलचं नाव मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं. ए म्हणजे पहिली पिढी, बी म्हणजे दुसरी, पुढे आकडा. आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड पैशाच्या मानानं चांगलं आहे, पण तुझ्या रायझन ५ ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये त्याचा वेग पडतो. तुझ्यासाठी नाही.

सिद्धेशचा लॅपटॉप '४०७०' आहे म्हणून तू मनाला लावून घेतलंयस, ते सोडून दे. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी, चिपही एक दर्जा खालची. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत किती वीज देईल, ते नावात कुठंच नसतं. ते पत्रक उघडून बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

एक दावा तुला कुणीतरी ऐकवेलच. जानेवारी २०२५ मध्ये जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं, की ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० इतकं काम करतं. ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी, ५०७० मध्ये ६१४४ आणि १२ जीबी. मग बरोबरी कशी? ५० च्या पिढीला एकेका खऱ्या फ्रेममागे तीन फ्रेम एआयनं तयार करता येतात, आणि त्या धरून ती मोजणी केलेली. डोळ्याला चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्या वेगानंच. मुळात ६० एफपीएस मिळत असतील तर ही सोय छान. मुळात २५ मिळत असतील तर १०० दाखवूनही हाताला चिखलात चालल्यासारखंच वाटतं. ५०५० च्या जाहिरातीतले उंच खांब याच मोजणीचे आहेत, तेवढं ध्यानात ठेव.

आता मुळात कार्ड हवंय कशाला? व्हॅलोरंटसाठी असेल तर पैसे बँकेत ठेव. तो गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर चालतो आणि तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. पण तू सायबरपंक आणि 'इंडियाना जोन्स'ची नावं घेतलीस, तिथं गोष्ट वेगळी. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, 'डूम: द डार्क एजेस'लाही. तुझं १०६० तिथं हळू नाही चालणार, चालणारच नाही. नावातल्या जीटीएक्स आणि आरटीएक्स या अक्षरांना इथं खरंच वजन आहे. त्यातून १० च्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलंय. तेव्हा बदलायची वेळ झाली आहे, दादाला मी सांगेन.

माझं मत विचारशील तर पहिली पसंती आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. सोळाही लेन वापरतं, तुझ्या जुन्या बोर्डावर त्याचा फायदा आहे, वीज १६० वॉटच्या आसपास. रे ट्रेसिंग आणि डीएलएसएसचा हट्टच असेल तर ५०६० टीआय, पण १६ जीबीचंच. बजेट तिथवर ताणलं जात नसेल तर ४०६० किंवा ५०६०, जे त्या दिवशी स्वस्त मिळेल ते. ५०५० तेव्हाच, जेव्हा ते ४०६० पेक्षा चांगलंच स्वस्त पडेल. तुझ्या कोटेशनांत फरक दीड हजाराचा आहे, तेवढ्यासाठी नको. प्रोसेसरची चिंता आत्ता करू नकोस. पुढे कधीतरी बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसवता येईल.

सेकंडहँडच्या नादाला लागणार असशील तर एकटा जाऊ नकोस. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या पुण्यातली कुठली गल्ली, कार्ड चालू मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड उघडायला लावायचं. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयच्या चिपवर खोटं बायोस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात भरपूर फिरली आहेत. विंडोज बिचारं जे बायोस सांगेल ते नाव दाखवतं. जीपीयू-झेड मात्र चिप ओळखून नावाआधी 'फेक' लिहितं. विकणारा "सॉफ्टवेअर कशाला, नाव दिसतंय की" म्हणाला, तर नमस्कार करून निघायचं.

आज एवढं कर. कॅबिनेटचं डावं झाकण काढ आणि एसएमपीएसवरच्या स्टिकरचा सरळ उजेडात फोटो काढून मला पाठव. १२ व्होल्टच्या रकान्यातले आकडे वाचता आले पाहिजेत, नुसतं '४५० वॉट' नको. ८ पिनची मोकळी केबल आहे का तेही बघ. समोरच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत टेपनं अंतर मोज. दुकानदाराला फोन करून विचार, ५०६० टीआय किती जीबीचं, आणि भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून. बिलावर पूर्ण नाव जीबीसकट आणि सिरीयल नंबर लिहून घ्यायचा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी तू आणि तो, दोघंही एकमेकांचं तोंड बघत बसाल. माझा फोन येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. जुनं १०६० विकू नकोस. इथं एका गिऱ्हाईकाच्या मशीनला डिस्प्लेपुरतं कार्ड हवंय. तुझी आई पुढच्या महिन्यात येणार आहे, तिच्याबरोबर पाठव. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस. नव्या कार्डाची अँटिस्टॅटिक पिशवी येईल, त्यात घाल.